कालवं, लोणी आणि फ्रान्सची ड्राय व्हाइट वाइन

दुकानात फ्रेंच व्हाइट वाइनची बाटली हातात घेतली की गाडी लेबलवरच अडते. शाब्ली, सांसेर, मर्सो, वुव्हरे. ही सगळी गावांची नावं. द्राक्ष कोणतं, वाइन गोड की ड्राय, हलकी की भरीव, कशाबरोबर प्यायची, यातलं काही बहुतेक लेबलांवर लिहिलेलं नसतं. फ्रान्सने १९३५ साली आपेलासियों म्हणजे उगमस्थानाची कायदेशीर पद्धत आणली. कोणत्या गावच्या हद्दीत कोणतं द्राक्ष लावायचं, हेक्टरी किती पीक काढायचं, वाइनमध्ये कमीत कमी किती अल्कोहोल हवं, हे सगळं त्या गावाच्या नावात बांधलं गेलं. नाव माहीत असेल तर सगळं कळतं, नसेल तर काहीच नाही. पद्धत चांगली आहे, पण नवख्या माणसाचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

तरीही नावं पाठ करत बसायची गरज नाही. फ्रान्सच्या जेवणात ड्राय व्हाइट वाइनचं मुख्य काम एकच असतं, आंबटपणा पुरवणं. तळलेल्या बोंबलावर आपण लिंबू पिळतो, ते काम तिकडे पेल्यातून होतं. कोणत्या वाइनमध्ये आंबटपणा किती आणि तिची चव हलकी की भरीव, या दोन गोष्टी कळल्या की जेवणाशी जोडी लावणं फारसं अवघड राहत नाही. म्हणून आधी आंबटपणा समजून घेऊ, मग ताटाकडे वळू.

साखर संपते तेव्हा

पिकलेल्या द्राक्षांच्या रसात लिटरमागे साधारण २०० ग्रॅम साखर असते. यीस्ट ही साखर खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर जवळपास १२ टक्क्यांची वाइन मिळते आणि साखर जवळजवळ उरत नाही. हीच ड्राय वाइन. युरोपीय नियमांनुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय धरली जाते. आम्ल भरपूर असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत वाढते. चार ग्रॅम म्हणजे एका लिटरमध्ये चहाचा जेमतेम चमचाभर.

इथे नाक फसवतं. ड्राय वाइनला पिकलेल्या पीचचा, अननसाचा, कधी मधाचा वास येऊ शकतो. वास आला की मेंदू गोडाची वाट पाहतो, आणि घोट घेतल्यावर जिभेला गोड काही सापडत नाही. पहिल्यांदा पिणारे ‘आंबट आहे’ म्हणून पेला बाजूला ठेवतात ते बरेचदा याच अपेक्षाभंगामुळे. शॅम्पेनमध्ये तर हिशेब आणखी विचित्र आहे. तिथे ‘ब्रुत’ लिहिलेल्या बाटलीत लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते आणि ‘सेक’, म्हणजे चक्क ड्राय, लिहिलेल्या बाटलीत १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. हे नाव जुन्या काळच्या फार गोड शॅम्पेनच्या मानाने पडलं आणि तसंच राहिलं. या लेखात शॅम्पेन नाही, पण दुकानात फसू नये म्हणून सांगितलं.

साखर गेल्यावर उरतं ते आम्ल. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. पहिलं टार्टरिक, आपल्या चिंचेतलं. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदाला चरचरीत करणारं, कैरीतही असणारं. द्राक्ष पिकताना ऊन जितकं कडक तितकं मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं. म्हणून थंड प्रदेशातली वाइन जास्त आंबट आणि उष्ण प्रदेशातली मऊ. फ्रान्समध्ये वेलीची छाटणी हिवाळ्यात एकदाच होते आणि तोड साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. नाशिकचा शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या शेवटी गोडी बहार छाटणी अशा दोन छाटण्या करतो, म्हणजे घड थंडीत पिकतात आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. या खटपटीचा आम्ल टिकवायलाही उपयोग होतो.

आम्ल मुद्दाम मवाळही करता येतं. काही जीवाणू मॅलिक आम्लाचं रूपांतर दह्या-दुधातल्या लॅक्टिक आम्लात करतात, त्या ओघात लोण्यासारखा वास असलेलं डायअसिटाइल तयार होतं, आणि वाइन गोलसर लागते. त्यात ती ओक लाकडाच्या पिंपात ठेवली तर व्हॅनिला, भाजलेला सुकामेवा असे वास चढतात. एकाच शार्दोने द्राक्षाची एक वाइन सुरीसारखी धारदार आणि दुसरी सायीसारखी का लागते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

अजून एक फरक ध्यानात ठेवायचा. व्हाइट वाइन करताना द्राक्षं चिरडून सालं लगेच बाजूला काढतात आणि फक्त रस आंबवतात. टॅनिन, म्हणजे हिरड्यांना आवळून धरणारा तुरटपणा, मुख्यतः सालांत आणि बियांत असतो, त्यामुळे तो व्हाइट वाइनमध्ये जवळजवळ नसतो. मासे आणि ताजं चीज यांच्याशी तिचं चांगलं जमतं त्याला हेही कारण आहे.

म्युस्कादे आणि कालवं

ल्वार नदी अटलांटिकला मिळते तिथे नांत शहराभोवती म्युस्कादेचा पट्टा आहे. इथलं द्राक्ष मेलाँ द बूर्गोन्य, मूळ पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातलं. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात या भागातल्या वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या, त्यानंतर थंडीत तग धरणारं म्हणून हे द्राक्ष इथे पसरलं. खरं सांगायचं तर द्राक्ष म्हणून ते साधंच. वास थोडा, चव पातळ. इथल्या लोकांनी त्यावर जी युक्ती काढली ती मात्र नामी आहे.

वाइन आंबून झाली की मेलेलं यीस्ट तळाशी गाळासारखं बसतं. एरवी वाइन त्यावरून काढून दुसऱ्या भांड्यात घेतात. इथे ती हिवाळाभर त्याच गाळावर ठेवतात आणि मार्चपासून पुढे थेट तिथूनच बाटलीत भरतात. लेबलवर ‘स्युर ली’ लिहिलेलं असतं ते याचसाठी. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, वाइनला थोडा गोलसरपणा आणि पावासारखा मंद वास देतात. भांडं बदललेलं नसल्यामुळे थोडा कार्बन डायऑक्साइड आतच राहतो आणि जिभेच्या टोकाला बारीकशी झिणझिण जाणवते. अल्कोहोल साधारण १२ टक्के. म्युस्कादे घ्यायची तर ‘सेव्र ए मेन’ या उपपट्ट्याची आणि स्युर लीच घ्यावी, बाकीच्यांसाठी पैसे घालवू नयेत असं माझं मत.

आता कालवं. फ्रान्समध्ये ती कच्चीच खातात. आखूड, जाड पात्याची सुरी सांध्यात घालून शिंपला उघडतात, वरची कवटी फेकतात, खालच्या खोलगट कवटीत कालव आणि त्याचं खारं पाणी तसंच ठेवून बर्फावर मांडतात. बाजूला लिंबाची फोड किंवा बारीक चिरलेले शॅलट कांदे घातलेला व्हिनेगर, राय धान्याचा पाव आणि खारं लोणी. कालव तोंडात गेलं की आधी समुद्राचं मीठ लागतं, मग सायीसारखा मऊ गर, आणि शेवटी धातूसारखी एक गोडूस चव मागे रेंगाळते. त्यावर म्युस्कादेचा घोट घेतला की दोन गोष्टी होतात. मिठामुळे वाइनचा आंबटपणा बोथट होतो, त्यामुळे एकटी प्यायल्यावर टोचणारी वाइन इथे फळासारखी लागते. आणि आम्लाने तोंडाला पाणी सुटतं, ते आधीच्या घासाचा चिकटपणा धुऊन नेतं. पुढचं कालव पहिल्यासारखंच ताजं लागतं.

हाच प्रयोग रेड वाइनने केला तर बरेचदा तोंडात मासळीबाजार भरतो. ‘माशाबरोबर व्हाइट’ हा नियम त्यामुळे नुसता शिष्टाचार नाही. जपानी संशोधकांनी २००९ साली सुकवलेल्या स्कॅलप शिंपल्यांबरोबर वेगवेगळ्या वाइन चाखून पाहिल्या, तेव्हा वाइनमधलं लोह जितकं जास्त तितका मागे राहणारा उग्र मासळी वास जास्त, असं आढळलं. रेड वाइनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं, सगळ्याच रेडमध्ये असतं असं नाही. म्हणूनच एखादी हलकी रेड माशाबरोबर अधूनमधून छान जमून जाते आणि नियम सांगणारे गप्प होतात.

कालवं जिथे होतात तिथे जवळपास एखादी चरचरीत व्हाइट वाइन असतेच. भूमध्य समुद्राच्या बाजूला ‘तो’ नावाची खाडी आहे, तिथल्या बूझीग गावच्या कालवांबरोबर काठावरच पिकणारी पिकपूल द पिने. बोर्दोजवळच्या आर्काशोंच्या कालवांबरोबर आँत्र-द-मेर, आणि तिथे कालवांच्या जोडीला गरम छोटी सॉसेजं खायची पद्धत आहे. थंड कालव, गरम सॉसेज, थंड वाइन. ऐकायला विचित्र वाटतं, लागतं झकास. पण ‘जे एका मातीत पिकतं ते एकत्र चांगलं लागतं’ हे वाइनवाल्यांचं आवडतं वाक्य मी फार मनावर घेत नाही. आर्काशोंपासून हाकेच्या अंतरावर पसरलेल्या बोर्दोच्या मळ्यांत बहुतेक रेडच पिकते, आणि ती कालवांच्या वाटेला जात नाही.

शाब्लीचा गारठा

शाब्ली हे बर्गंडीचं उत्तर टोक, सरँ नावाच्या छोट्या नदीकाठचं. बर्गंडीच्या बाकीच्या नावाजलेल्या मळ्यांपासून हा भाग तुटून वेगळा पडलाय, शॅम्पेन प्रांताला जास्त जवळ. द्राक्ष फक्त शार्दोने. इथली माती किमरिजियन काळातली चुनखडी आणि चिकणमाती, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. हातात ढेकूळ घेतलं तर त्यात स्वल्पविरामाच्या आकाराच्या बारक्या कालवांचे जीवाश्म दिसतात.

यावरून एक गोड गोष्ट सांगितली जाते: मातीत कालवं, म्हणून वाइन कालवांना जुळते. गोष्ट म्हणून छान आहे, पण वेलीची मुळं दगडाची चव शोषत नाहीत. ती पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प प्रमाणात घेतात, आणि ते वाइनमध्ये चव देण्याइतके नसतात. शाब्ली धारदार लागते ती मुख्यतः थंडीत टिकून राहिलेल्या आम्लामुळे, आणि नव्या ओकचा वास तिच्यावर क्वचितच चढवला जातो म्हणून. चुनखडीची माती पाण्याचा निचरा करते, वेलीला बेताचं पाणी देते, एवढं तिचं श्रेय खरं.

थंडीची किंमतही मोजावी लागते. एप्रिलमध्ये कोंब फुटलेले असतात आणि एका रात्रीत पारा शून्याखाली जातो. मग मळ्यात शेकड्यांनी मेणाच्या मोठ्या बत्त्या पेटवतात. काही जण उलटंच करतात, वेलींवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, कोंबाभोवती काचेसारखं बर्फाचं कवच तयार होतं आणि जोवर फवारा चालू आहे तोवर आतला कोंब शून्याच्या आसपासच राहतो. फवारा मध्येच थांबला तर तेच कवच कोंबाचा जीव घेतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये अशा रात्री लागोपाठ आल्या आणि पीक फार मोठ्या प्रमाणावर गेलं. त्या वर्षीच्या बाटल्या कमी आणि महाग का, हे त्यावरून समजतं.

शाब्लीच्या चार पायऱ्या आहेत. पेती शाब्ली, शाब्ली, प्रीमिए क्रु, आणि नदीच्या उजव्या काठावरच्या एकाच उतारावरचे सात तुकडे म्हणजे ग्रां क्रु. जेवणासाठी दुसरी पायरी पुरेशी आहे. ग्रां क्रु पाच-सात वर्षं ठेवून पिणाऱ्यांचं काम, आणि ती तरुणपणी उघडली तर पैसे वाया.

शाब्ली कालवांबरोबर जातेच, पण तिची खरी मजा मला लोण्याबरोबर वाटते. बर्गंडीच्या गोगलगायी लसूण, पार्सली आणि भरपूर लोणी भरून भट्टीत तडतडवतात, कवचात लोणी उकळत असतं, आणि पाव बुडवून ते टिपून खायचं. दोन-तीन घासांतच तोंडावर चरबीचा थर बसतो. शाब्ली तो उतरवते. गावात आतड्यांचं आंदुइलेत नावाचं सॉसेजही तिच्याबरोबर खातात. त्याचा वास इतका जबरदस्त असतो की आपल्याकडे वजडी चवीने खाणाऱ्यांनीच आधी पुढे व्हावं.

जड सॉस, जड वाइन

बर्गंडीच्या दक्षिणेकडे गेलं की मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे ही गावं लागतात. द्राक्ष तेच, शार्दोने. पण इथे वाइन २२८ लिटरच्या ओक पिंपांत आंबते आणि मुरते, आम्ल मवाळ होतं, वास लोणी-बदामाकडे झुकतो. ही वाइन कच्च्या कालवाला चिरडून टाकते. तिला समोर तसंच भरीव काहीतरी हवं: क्रीममध्ये शिजवलेली ब्रेसची कोंबडी, लोण्यात परतलेला तुर्बो मासा, लॉब्स्टर. सॉस जितका दाट तितकी वाइन भरीव, एवढं धरून चाललं तरी बरंच साधतं. या गावांच्या किमती आता आवाक्याबाहेर गेल्यात, तेव्हा थोडं आणखी दक्षिणेला माकों किंवा सँ-व्हेराँ पाहावी. बर्गंडीचं दुसरं व्हाइट द्राक्ष आलिगोते स्वस्त आणि चांगलंच आंबट. दिजोंचे महापौर फेलिक्स कीर पाहुण्यांना त्यात काळ्या करवंदासारख्या कासिस फळाचं मद्य घालून देत, ते पेय आज कीर याच नावाने ओळखलं जातं.

लोणी आणि आम्ल एका भांड्यात पाहायचं असेल तर नांतकडचा बर ब्लाँ सॉस. शॅलट बारीक चिरून म्युस्कादे आणि व्हिनेगरमध्ये आटवतात, अगदी तळाशी दोन चमचे उरेपर्यंत. मग आच मंद करून गार लोण्याचे तुकडे एकेक घालत फेटत राहायचं. उकळी आली की सॉस फाटतो, म्हणून हात थांबवायचा नाही. तयार झालेला पांढुरका सॉस नदीतल्या माशावर घालतात. त्यात आधीच वाइनचं आम्ल असल्यामुळे पेल्यातही चांगली आंबट वाइन लागते, म्युस्कादे किंवा ल्वारकाठचीच, शेनिन ब्लाँ द्राक्षाची ड्राय वाइन.

बकरीचं चीज, आंबट कोबी

ल्वारच्या वरच्या अंगाला टेकडीवर सांसेर आहे, द्राक्ष सोव्हिन्यों ब्लाँ. सांसेरच्याच हद्दीत शाव्हिन्योल नावाचं खेडं आहे, तिथलं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, क्रोतँ द शाव्हिन्योल. त्याला १९७६ साली आपेलासियों मिळालं. ताजं असताना ते ओलसर आणि आंबूस, मुरत जाईल तसं कोरडं, तिखट होतं. अशा चीजसमोर रेड वाइनचा तुरटपणा कडवट वाटतो. सांसेरचं आम्ल चीजच्या आम्लाशी बरोबरीने उभं राहतं. इथे एक नियम लपलेला आहे: वाइन पदार्थाइतकी तरी आंबट हवी. पदार्थ जास्त आंबट झाला तर वाइन पाणचट लागते. पदार्थ गोड असला तर उलट, ड्राय वाइन कडू-आंबट लागते.

सोव्हिन्यों ब्लाँला एक हिरवा वास असतो, कापलेल्या गवताचा, ढोबळ्या मिरचीचा. पायराझिन गटातली जी संयुगं ढोबळ्या मिरचीत असतात तीच या द्राक्षात सापडतात. म्हणून हिरव्या वासाच्या पदार्थांशी ती सहज जमते. कोथिंबीर वडीबरोबर सांसेर घेऊन पाहा, फक्त वडीत हिरवी मिरची बेताची घाला.

चीजचा विषय निघालाच आहे तर आल्प्सकडच्या साव्ह्वा भागातलं फोंद्यु. किसलेलं चीज व्हाइट वाइनमध्ये वितळवतात ते नुसत्या चवीसाठी नाही. वाइनमधलं आम्ल चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे प्रथिनांच्या गाठी होत नाहीत आणि मिश्रण एकजीव राहतं. वाइन मवाळ निघाली तर तिथले लोक लिंबू पिळतात.

जर्मनीच्या सीमेवरचं आल्सास या सगळ्यात वेगळं. उंच निमुळती बाटली आणि लेबलवर चक्क द्राक्षाचं नाव. वोज डोंगररांग पश्चिमेचा पाऊस अडवते, त्यामुळे हवा कोरडी आणि द्राक्षं नीट पिकतात. इथली ड्राय रीझलिंग आंबवलेल्या कोबीच्या शूक्रूतबरोबर पितात, त्यात डुकराचं मांस आणि सॉसेजंही असतात. आंबट कोबी, चरबी आणि मीठ एकाच ताटात. रीझलिंगचं आम्ल तिन्हींना पुरून उरतं. आल्सासची वाइन ड्राय की गोडसर हे पूर्वी बाहेरून कळायचं नाही, २०२१ च्या पिकापासून मात्र लेबलवर ते लिहिणं बंधनकारक झालंय.

आपल्या ताटासमोर

‘भारतीय जेवणाबरोबर गेवुर्त्सट्रामिनर’ हा सल्ला परदेशी मासिकांत पिढ्यान्‌पिढ्या छापला जातो. त्या द्राक्षाला गुलाब आणि लिचीचा वास असतो, म्हणून मसाल्याशी जमतं असं गृहीत धरतात. पण भारतीय जेवण म्हणजे नेमकं काय? उकडीच्या मोदकाबरोबर, की तांबड्या रश्श्याबरोबर? या द्राक्षात अल्कोहोल बऱ्याचदा १३-१४ टक्क्यांच्या घरात जातं, आणि अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. कोल्हापुरी रस्सा आणि ही वाइन म्हणजे जळत्यात तेल.

ड्राय व्हाइटला आपल्याकडची तळलेली, खारट, कमी तिखट बाजू मानवते. रवा लावलेले बोंबील, ओलं खोबरं घातलेल्या सुक्या तिसऱ्या, मीठ-लिंबू लावून भाजलेली कोळंबी, साबुदाणा वडा. यांच्याबरोबर म्युस्कादे किंवा शाब्ली खुशाल उघडा. आमसूल घातलेलं माशाचं कालवण किंवा गोव्याचं व्हिनेगरचं विंदालू यांच्यापुढे मात्र ती टिकत नाही, कारण आंबटपणाचं काम तिथे आधीच झालेलं असतं. सोलकढी असताना वाइनला तिथे जागा नाही. तिखट जास्त असेल तर थोडी साखर राखलेली, कमी अल्कोहोलची वाइन बरी. वुव्हरेची डेमी-सेक शेनिन ब्लाँ चालते, आणि नाशिककडची शेनिन ब्लाँ बरेचदा किंचित गोडसर ठेवलेली असते, तिथे तो गोडवा कामी येतो. शिवाय फ्रान्सच्या बाटलीवर जे आयातशुल्क पडतं तेही वाचतं. श्रीखंड, पुरणपोळीजवळ ड्राय वाइन आणूच नका.

एक अपवाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्सच्या पूर्वेला झ्युरा डोंगरात साव्हान्यँ द्राक्षाची व्हँ जोन होते. वाइन पिंपात घालून किमान सहा वर्षं तीन महिने मुरवतात, आणि वाफ होऊन उडालेली वाइन पुन्हा भरत नाहीत. पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते, तिच्याखाली वाइन सावकाश बदलत जाते. शेवटी ती ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात. पूर्ण ड्राय, सोनेरी, आक्रोड आणि मसाल्याच्या वासाची. त्या वासामागे सोटोलॉन नावाचं संयुग आहे, आणि तेच मेथीच्या दाण्यांच्या वासामागेही आहे. फ्रान्समध्ये ती कोंते चीज, आक्रोड, मॉरेल अळंबी घातलेली क्रीममधली कोंबडी आणि सौम्य करीबरोबरही पितात. मेथीदाणे फोडणीत घातलेला, फार तिखट नसलेला एखादा रस्सा असेल तर आपल्या ताटाशी इतकी जवळीक असलेली दुसरी फ्रेंच व्हाइट मला ठाऊक नाही. महाग आहे, मिळायला कठीण आहे, आणि पहिल्या घोटाला बऱ्याच जणांचं तोंड वाकडं होतं.

राहिलं वाढण्याचं. फ्रिजमधलं तापमान चार अंशांच्या आसपास असतं आणि तितक्या गारठ्यात वास दबतो, आम्ल तेवढं टोचतं. म्युस्कादे आठ ते दहा अंशांवर, मर्सोसारखी भरीव वाइन बारा अंशांवर चांगली. म्हणजे फ्रिजमधून काढून दहा-वीस मिनिटं थांबायचं. मुंबईच्या मे महिन्यात पाच मिनिटंही पुरतात, तेव्हा पेल्यात थोडी थोडीच ओता. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. त्यानंतर उरली तर लोण्यात शॅलट किंवा छोटे कांदे मऊ करा, स्वच्छ धुतलेल्या तिसऱ्या घाला, वरून पेलाभर वाइन ओता आणि झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. वरून पार्सली किंवा कोथिंबीर घाला, मीठ चाखून मगच टाका, आणि जे उघडले नाहीत ते फेकून द्या.